दोन्ही डोस घेतलेल्या सिस्टर पॉझिटिव्ह आल्या तेव्हा: इंदूरमधल्या एका रुग्णालयाचा प्रकरण अभ्यास

एप्रिल २०२१ मध्ये, कोविडची दुसरी लाट ऐन भरात असताना, इंदूरमधल्या एका धर्मादाय रुग्णालयातले कर्मचारी लसीचा दुसरा डोस नाकारू लागले. त्यांच्या दृष्टीने त्यांच्याकडे पुरावा होता. पॉझिटिव्ह आलेल्या सहकाऱ्यांची एक यादी फिरत होती आणि त्यातल्या बहुतेकांच्या नावापुढे ‘दोन्ही डोस’ असे लिहिलेले होते. त्या पुराव्याची छाननी कशी झाली, रुग्णालयाने काय ठरवले आणि काय राहून गेले, याची ही नोंद आहे.

मी या रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीवर बाहेरची सदस्य होते; माझा विषय जनआरोग्य. संस्था आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रुग्णालयाचे स्वतःचे आकडे दिलेले नाहीत. हिशेब समजावून सांगायला जिथे आकडे लागले तिथे गोल आकडे घेतले आहेत आणि तसे स्पष्ट म्हटले आहे.

पार्श्वभूमी

रुग्णालय मध्यम आकाराचे, मराठी मंडळींनी उभारलेल्या न्यासाचे. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांतली जुनी मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या इथे येतात. मेट्रनबाई, लॅबमधले आणि हिशेबाच्या खोलीतले बरेच जण आपापसात मराठी बोलतात आणि वॉर्डात शिरले की हिंदीवर येतात. डॉक्टर, सिस्टर, तंत्रज्ञ हे संस्थेच्या पगारपत्रकावरचे. सफाई, धुलाई, कँटीन आणि पहारा ही कामे ठेकेदारांकडे. हा शेवटचा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरला.

पहिल्या लाटेत इंदूरने पुष्कळ सोसले होते. १ एप्रिल २०२० रोजी टाटपट्टी बाखल या वस्तीत आरोग्य पथकावर दगडफेक झाली. ९ एप्रिलला शहरातल्या एका डॉक्टरांचा कोविडने मृत्यू झाला. त्यानंतर वर्षभर पीपीई किटमध्ये घामाने निथळत काम केलेल्या माणसांना १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाल्याचे केवढे अप्रूप होते, हे मी जवळून पाहिले आहे. पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता. इथे मुख्यतः कोव्हिशील्ड आली. दुसरा डोस १३ फेब्रुवारीपासून, पहिल्यानंतर चार ते सहा आठवड्यांनी.

पण फेब्रुवारीत रुग्ण कमी झाले होते. पहिल्या डोसनंतर अनेकांना एक दिवस सणकून ताप आला होता. ‘आता कोरोना गेलाच, कशाला परत ताप काढायचा’ असे म्हणत काही जणांनी दुसरा डोस पुढे ढकलला. २२ मार्चला केंद्राने कोव्हिशील्डच्या दोन डोसांमधले अंतर सहा ते आठ आठवड्यांपर्यंत वाढवण्याची सूचना दिली. सूचनेमागे शास्त्रीय आधार होता, पण रेंगाळणाऱ्यांना त्यातून आणखी एक सबब मिळाली.

जानेवारीत पोर्चमध्ये लावलेल्या फलकावर ‘लस घ्या, कोरोनापासून मुक्त व्हा’ असे वाक्य होते. फलक लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण लस माणसाला कशापासून वाचवते, लागण होण्यापासून, अंथरूण धरण्यापासून की ऑक्सिजन लागण्यापासून, याचा एक शब्दही त्यावर नव्हता.

अडचण काय उभी राहिली

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून सिस्टर एकामागून एक पॉझिटिव्ह येऊ लागल्या. एका वॉर्डात तर रात्रपाळीला माणूस मिळेना. कोणीतरी पॉझिटिव्ह कर्मचाऱ्यांची नावे, डोसच्या तारखांसकट, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. यादीतले निम्म्याहून अधिक लोक दोन्ही डोस घेतलेले होते. दोन दिवसांत दुसऱ्या डोससाठी नावे दिलेल्यांपैकी बरेच जण आलेच नाहीत. पहिला डोसही न घेतलेल्यांना तर आपलेच बरोबर होते असे वाटू लागले.

नेमक्या त्याच सुमारास, २१ एप्रिलला, आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) देशभरचे आकडे जाहीर केले. कोव्हिशील्डचे दोन्ही डोस घेतलेल्या सुमारे १ कोटी ५७ लाख लोकांपैकी नंतर पॉझिटिव्ह आले ५,०१४. कोव्हॅक्सिन घेतलेल्या सुमारे १७ लाख ३७ हजारांपैकी ६९५. म्हणजे दहा हजारांत तीन-चार जण. लोकांना धीर यावा म्हणून दिलेले हे आकडे आमच्याकडे उलटे लागले. ज्या वॉर्डात दहातल्या दोघी-तिघी घरी विलगीकरणात होत्या, तिथे ‘दहा हजारांत तीन’ कोणाच्या गळी उतरणार? एका सिस्टरने मला सरळ विचारले, ‘मॅडम, आम्ही दहा हजारांतले तीन सगळे एकाच मजल्यावर कसे?’

प्रश्न अगदी रास्त होता. त्या आकड्यांत आरोग्य कर्मचाऱ्यांबरोबर घरी बसलेले ज्येष्ठ नागरिकही होते. दुसरा डोस बहुतेकांनी नुकताच घेतला होता, त्यामुळे लागण व्हायला पुरेसा काळच गेला नव्हता. आणि सगळ्यांत मोठी उणीव म्हणजे लस न घेतलेल्या, तशाच जोखमीतल्या माणसांशी तुलना त्यात नव्हती. किती जणांना लागण झाली एवढे त्यातून कळत होते. लसीमुळे किती लागण टळली हे कळायला दुसरी बाजू लागते. व्हॉट्सॲपवरच्या यादीतही नेमकी तीच बाजू नव्हती. देशपातळीवरचा दिलासा आणि वॉर्डातली भीती, दोन्ही एकाच प्रकारच्या अर्धवट हिशेबावर उभी होती.

कोणते पर्याय समोर होते

समितीची बैठक गच्चीवर झाली, अंतर ठेवून खुर्च्या मांडून. अधीक्षकांचा पहिला कल यादी काढून टाकायला लावावी आणि ती टाकणाऱ्याला समज द्यावी, असा होता. त्यांच्या बाजूने बोलायचे तर त्या आठवड्यात ते रोज रात्री ऑक्सिजनच्या टँकरची वाट पाहत जागे होते आणि त्यांना आणखी एक आघाडी नको होती. मेट्रनबाईंनी विरोध केला. ‘यादी खोटी नाहीये, सर. माझ्याच मुली आहेत त्या. तिला खोटी म्हटलं तर उद्या मी खरं सांगितलेलंही कोणी ऐकणार नाही.’ माझ्या मते या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वळण हेच. यादी दाबली असती तर तिच्यावरचा विश्वास दुप्पट झाला असता.

दुसरा पर्याय सक्तीचा: डोस नाही तर ड्यूटी नाही. पण लसीकरण सरकारी धोरणानुसार ऐच्छिक होते, आणि माणसे इतकी कमी होती की ड्यूटीवरून काढणार कोणाला, हाही प्रश्नच होता. शिवाय ज्यांना लस मिळालीच नव्हती त्यांना सक्तीने काय मिळणार? ते कोण, हे तोवर समितीला नीट ठाऊक नव्हते.

तिसरा पर्याय एका खासगी प्रयोगशाळेने पुढे केला होता: सगळ्या कर्मचाऱ्यांची अँटीबॉडी तपासणी करा, ज्यांच्यात भरपूर आहेत त्यांना कोविड वॉर्डात पाठवा. ऐकायला हे चोख वाटते आणि समितीतल्या दोघांना ते पटलेही होते. लॅबप्रमुखांनी ते अडवले. अमुक पातळीच्या वर असाल तर सुरक्षित, अशी सर्वमान्य रेषा तेव्हा नव्हती. काही किट विषाणूच्या आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी मोजतात. कोव्हिशील्ड शरीराला फक्त विषाणूच्या पृष्ठभागावरच्या स्पाइक प्रथिनाची ओळख करून देते, त्यामुळे तशा किटवर लस घेतलेली निरोगी सिस्टरही ‘निगेटिव्ह’ दिसली असती. तसा एक कागद ग्रुपवर फिरला असता की लसीवरचा उरलासुरला विश्वासही गेला असता.

चौथा पर्याय कंटाळवाणा होता: नीट मोजायचे. रुग्णालयात काम करणाऱ्या प्रत्येकाची नोंद, प्रत्येकाच्या डोसच्या तारखा, कोण पॉझिटिव्ह आले, कोण दाखल झाले, कोणाला ऑक्सिजन लागला. मग ते सगळे कर्मचाऱ्यांसमोर मांडायचे. लाट भरात असताना चार-पाच दिवस आणि दोन माणसे यासाठी द्यायची म्हणजे चैन आहे, असे एका वरिष्ठ डॉक्टरांनी बजावले. त्यांची काळजी खरी होती. शेवटी लेखा विभागातला एक कारकून आणि स्वतः लागण होऊन बऱ्या झालेल्या, पण धाप लागत असल्यामुळे वॉर्डात उभे राहू न शकणाऱ्या एक सिस्टर, असे दोघे मिळाले आणि काम मार्गी लागले.

मोजताना काय काय हाती लागले

पहिला अडथळा साधा होता: रुग्णालयात काम करतात किती जण? पगारपत्रक काढले तर एक संख्या आली. संध्याकाळच्या पाळीला मेट्रनबाई फाटकापासून शवागारापर्यंत सिस्टरला घेऊन फिरल्या आणि दिसेल त्या माणसाचे नाव लिहायला लावले, तेव्हा कितीतरी नावे पगारपत्रकाबाहेरची निघाली. सफाईच्या बाया, धुलाईतली माणसे, कँटीनची पोरे, पहारेकरी, जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्या खाली नेणारे दोघे, रुग्णवाहिकेचे चालक. ठेकेदाराचा हजेरीपट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, कडा पाण्याने फुगलेल्या. त्यावर माणसाचे घरगुती नाव, आधार कार्डावर दुसरेच, आणि मोबाइल नंबर मुलाचा नाहीतर शेजाऱ्याचा. काहींच्या नावापुढे नुसता अंगठा.

लसीकरणासाठी रुग्णालयाने २०२० च्या अखेरीस जी यादी वर पाठवली होती, ती पगारपत्रकावरून बनवली होती. म्हणजे कोविड वॉर्डाच्या चादरी हाताने उचलणाऱ्या माणसाचे नाव आरोग्य कर्मचारी म्हणून कोविन पोर्टलवर गेलेच नव्हते. मार्चमध्ये त्यांच्यापैकी काहींनी विचारणा केली तेव्हा ‘पुढच्या यादीत घेऊ’ असे सांगितले गेले. मग ३ एप्रिलला केंद्राने आरोग्य कर्मचारी आणि आघाडीवरचे कर्मचारी या गटांतली नवी नोंदणी थांबवली. पात्र नसलेले लोक या गटांत घुसत असल्याच्या तक्रारी होत्या, म्हणून. पंचेचाळिशीच्या वरच्यांना वयाच्या आधारावर लस मिळू शकत होती. त्याखालचे, म्हणजे आमचे बहुतेक ठेक्यावरचे लोक, १ मेपर्यंत दरवाजाबाहेर राहिले. एक नियम कोणाच्या गैरफायद्याला चाप लावायला आला आणि ज्यांच्यासाठी ती रांग होती त्यांनाच आडवा आला.

आता हिशेबाकडे. बैठकीत जे फळ्यावर मांडले तेच इथे देते. आकडे गोल आहेत, रुग्णालयाचे नव्हेत. समजा ५०० कर्मचारी आहेत. ४०० जणांनी दोन्ही डोस घेतले, १०० जणांनी एकही नाही. लाटेत पहिल्या गटातले ४० पॉझिटिव्ह आले, दुसऱ्यातले ३०. ग्रुपवर फक्त ७० जणांची यादी जाते. तीत ४० नावांपुढे ‘दोन्ही डोस’, म्हणजे निम्म्याहून जास्त. पाहणारा म्हणतो, लस कुचकामी. आता भाजक घ्या. लस घेतलेल्या ४०० मधले ४०, म्हणजे १० टक्के. न घेतलेल्या १०० मधले ३०, म्हणजे ३० टक्के. जोखीम एक तृतीयांशावर आली. लसीने सुमारे ६७ टक्के लागण टाळली. यादी तीच, माणसे तीच, निष्कर्ष उलटा. रुग्णालयात जितके जास्त लोक लस घेतील तितकी पॉझिटिव्ह यादीतही लस घेतलेल्यांची नावे वाढणारच. समजा सगळ्या ५०० जणांनी घेतली, तर यादीतले शंभर टक्के लोक लसवालेच असतील.

फळ्यावरचे हे गणित सिस्टरना चटकन कळले. औषधाचा डोस किलोमागे काढणाऱ्या मुलींना भाजकाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

पण खरी नोंद फळ्याइतकी स्वच्छ नव्हती, आणि हे लपवायचे नाही असे आम्ही ठरवले. पाच गोष्टींनी हिशेब गढूळ केला होता. त्यातल्या दोन तर तिथे काम करणाऱ्यांनीच दाखवून दिल्या.

एक, तारखा. दुसरा डोस घेऊन चौदा दिवस झाल्याशिवाय माणसाला पूर्ण लसीकृत धरत नाहीत, कारण शरीराला तेवढा वेळ लागतो. ग्रुपवरच्या यादीत दुसऱ्या डोसनंतर चार-पाच दिवसांत पॉझिटिव्ह आलेल्या काही जणी ‘दोन्ही डोस’मध्ये गणल्या गेल्या होत्या. दोन, जोखीम. लस घेतलेल्यांनाच कोविड वॉर्डात जास्त लावले होते, त्यामुळे विषाणूशी त्यांची गाठही जास्त पडली. तीन, आधीची लागण. लस न घेतलेल्यांत काही जण असे होते की ज्यांना २०२० मध्ये कोविड होऊन गेला होता आणि म्हणूनच त्यांनी लस टाळली. त्यांना थोडे संरक्षण आधीच होते. या दोन्ही कारणांनी लस आहे त्यापेक्षा कमजोर दिसते. चौथी गोष्ट उलट दिशेने ओढणारी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना तेव्हा लस देत नव्हते, आणि काही जुनाट आजारी माणसांनी भीतीने घेतली नव्हती. असे लोक लस न घेतलेल्या गटात असले की त्या गटातला गंभीर आजार जास्त दिसतो आणि लसीचे पारडे उगाच जड होते.

पाचवी गोष्ट मला सर्वांत बोचली. ती सफाईच्या एका मावशींनी सांगितली. ‘सिस्टरला शिंक आली तरी टेस्ट करतात, पगारी रजा आहे त्यांना. आम्ही टेस्ट केली आणि पॉझिटिव्ह निघालो तर चौदा दिवसांची रोजी गेली. कोण करणार?’ म्हणजे लस न घेतलेल्यांमधली लागण नोंदीत पुरती येतच नव्हती. ताप अंगावर काढून ती माणसे कामावर येत होती. हिशेब चुकत होता ही त्यातली लहान बाब. संसर्ग नियंत्रण समिती नावाची गोष्ट असलेल्या इमारतीत तापाने फणफणलेला माणूस रोजी बुडेल म्हणून वॉर्ड पुसत होता, ही मोठी.

धुलाईतला एक माणूस, वय चाळिशीच्या आत, असाच आठवडाभर अंगावर काढून मग उभ्याउभ्या कोसळला. ऑक्सिजनची पातळी ऐंशीच्या घरात गेलेली. ज्या वॉर्डाच्या चादरी तो धूत होता त्याच वॉर्डात त्याला खाट मिळाली. तो वाचला, पण पुढे कित्येक महिने ओल्या चादरींचे गाठोडे त्याला उचलवत नव्हते. मार्चमध्ये ‘पुढच्या यादीत घेऊ’ असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यातला तो एक.

काय केले

पहिले काम, पूर्ण नोंद कर्मचाऱ्यांसमोर ठेवणे. पाळी बदलताना तीन-चार गटांत मेट्रनबाईंनी आणि लॅबप्रमुखांनी ती हिंदीतून आणि जिथे सगळे मराठीच होते तिथे मराठीतून वाचून दाखवली. नावे नव्हती, फक्त संख्या. मेट्रनबाईंचे एक वाक्य पुढे सगळ्यांच्या तोंडी झाले: ‘छत्री घेतली तरी पावसात पाय भिजतातच, डोकं कोरडं राहिलं का ते बघा.’ नोंदीतही तसेच दिसत होते. लस घेतलेल्यांमध्ये लागण बऱ्यापैकी होती, पण बहुतेक घरीच बऱ्या झाल्या होत्या. ऑक्सिजनपर्यंत गेलेली माणसे प्रामुख्याने न घेतलेल्यांतली होती.

इथे एक निर्णय जाणूनबुजून घेतला. गंभीर आजारापासून किती टक्के संरक्षण, हा आकडा आपल्या नोंदीवरून काढायचा नाही. ऑक्सिजन लागलेली माणसे मोजकी होती. त्यांतला एखादा इकडचा तिकडे झाला असता तरी टक्केवारी पार बदलली असती. एका समिती सदस्याला ठसठशीत आकडा हवा होता, कारण लोकांना आकडा लक्षात राहतो. पण महिनाभरात तो आकडा खोटा ठरला असता, तर जानेवारीतल्या फलकाचीच पुनरावृत्ती झाली असती.

दुसरे काम ठेक्यावरच्या माणसांचे. पंचेचाळिशीच्या वरच्यांना त्याच आठवड्यात सरकारी केंद्रावर नेऊन लस दिली. बाकीच्यांसाठी १ मेनंतर कोविनवर वेळ मिळवणे हे वेगळेच दिव्य होते. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाला सुरुवातीला फक्त ऑनलाइन नोंदणी, पोर्टल तेव्हा इंग्रजीत, एका मोबाइलवर चार जणांची नोंद, आणि वेळा खुल्या होताच काही मिनिटांत संपायच्या. नर्सिंग शाळेच्या मुली संध्याकाळी कँटीनच्या बाकावर फोन घेऊन बसायच्या, समोर मावशी आधार कार्ड धरून. ओटीपी शेजाऱ्याच्या फोनवर जायचा. शेजाऱ्याला फोन लावून तो विचारेपर्यंत वेळ निघून जायची. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा मिळाली आणि जरा सुटका झाली. २१ जूनच्या लसीकरण महाअभियानात, जेव्हा एकट्या इंदूरमध्ये एका दिवसात दोन लाखांहून अधिक डोस दिले गेले, तेव्हा आमच्या यादीतली बरीचशी उरलेली नावे पार पडली.

तिसरे काम पैशाचे, आणि त्यावर सर्वाधिक वाद झाला. ठेक्यावरचा माणूस पॉझिटिव्ह आला तर विलगीकरणाच्या दिवसांची रोजी न्यासाने द्यावी, असा प्रस्ताव होता. विश्वस्तांपैकी एकांचे म्हणणे, ती ठेकेदाराची जबाबदारी. कायद्याने कदाचित तसेच असेल. पण ठेकेदार देणार नाही हे सगळ्यांना माहीत होते. दोन बैठकांनंतर न्यासाने मर्यादित काळासाठी मान्य केले. त्यानंतर ठेक्यावरच्या लोकांमधल्या तपासण्या वाढल्या आणि पॉझिटिव्हची संख्याही वाढली. वरवर पाहणाऱ्याला वाटले असते की लाट पुन्हा चढली. प्रत्यक्षात लपलेला ताप उजेडात येत होता.

काय निष्पन्न झाले

दुसरा डोस नाकारणाऱ्यांपैकी बहुतेक मे महिन्यात परत आले. त्यातले काही १३ मेच्या नव्या सूचनेत सापडले. अंतर आता बारा ते सोळा आठवडे झाले होते आणि पोर्टल त्यांना आधी डोस घेऊ देईना. मार्चमध्ये टाळाटाळ केल्याची किंमत त्यांनी अशी मोजली.

पुढे मोठ्या संस्थांचे अभ्यास आले तेव्हा आमच्या नोंदीची दिशा बरोबर होती असे दिसले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २१ फेब्रुवारी ते १९ मे २०२१ या काळातली आपल्या सुमारे १०,६०० कर्मचाऱ्यांची नोंद तपासली. दोन्ही डोस घेतलेल्यांपैकी ९.६ टक्के जणांना लागण झाली होती. म्हणजे आमच्या सिस्टरचा अनुभव जगावेगळा नव्हता. पण लस न घेतलेल्यांच्या तुलनेत लागणीपासून ६५ टक्के, दाखल होण्यापासून ७७, ऑक्सिजनपासून ९२ आणि अतिदक्षता विभागापासून ९४ टक्के संरक्षण दिसले. तिथेही बहुतेकांनी कोव्हिशील्डच घेतली होती. दिल्लीच्या एम्समध्ये १५ एप्रिल ते १५ मे या काळात २,७१४ कर्मचाऱ्यांवर झालेल्या कोव्हॅक्सिनच्या अभ्यासात लक्षणांसह होणाऱ्या आजारापासून संरक्षण ५० टक्के निघाले. तो अभ्यास वेगळ्या पद्धतीचा होता: तपासणीला आलेल्यांतच पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह यांच्या लसीकरणाची तुलना. या पद्धतीत तपासणीला येणे-न येणे हा आमच्याकडचा घोळ बराच कमी होतो. पण जो तपासणीला येतच नाही, तो या पद्धतीलाही दिसत नाही.

हे आकडे शेजारी ठेवून ‘ही लस चांगली की ती’ अशी चर्चा कर्मचाऱ्यांत सुरू झाली तेव्हा ती थांबवावी लागली. पद्धत वेगळी, शहर वेगळे, काळ वेगळा आणि मोजलेली गोष्टही वेगळी.

जानेवारी २०२२ मध्ये विषाणूच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकाराची लाट आली आणि लागणीपासूनचे संरक्षण किती लवकर उतरते ते सगळ्यांनी पाहिले. वॉर्डच्या वॉर्ड पुन्हा पॉझिटिव्ह आले. या वेळी मात्र ग्रुपवर यादी फिरली तेव्हा एका सिस्टरनेच खाली लिहिले, ‘दाखल किती?’ १० जानेवारीपासून आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रिकॉशन डोस, म्हणजे खबरदारीचा तिसरा डोस, सुरू झाला, पण अट अशी की दुसऱ्या डोसला ३९ आठवडे झालेले हवेत. फेब्रुवारी-मार्च २०२१ मध्ये दुसरा डोस घेतलेले लगेच पात्र ठरले. ठेक्यावरच्यांनी पहिला डोस जूनमध्ये आणि दुसरा सप्टेंबरात घेतलेला. त्यांची पाळी थेट २०२२ च्या मध्यावर. एका यादीतली चूक दीड वर्ष त्यांच्या मागे राहिली.

वेगळे काय करता आले असते

डिसेंबर २०२० मध्ये यादी करताना पगारपत्रकाबरोबर ठेकेदारांचे हजेरीपट मागवता आले असते. त्याला ना पैसा लागत होता ना परवानगी. इमारतीत कोण काम करते हे ज्यांना पाठ होते त्या मेट्रनबाईंना यादी करताना कोणी विचारलेच नव्हते.

लसीकरण सुरू होण्याआधी तीन वाक्ये नीट सांगायला हवी होती: लागण होऊ शकते, मास्क सुटणार नाही, आणि गंभीर आजाराची शक्यता पुष्कळ कमी होईल. चाचण्यांतून दिसलेली परिणामकारकता लक्षणांसह होणाऱ्या आजाराबद्दल होती आणि ती शंभर टक्के नव्हती, हे जानेवारीतही माहीत होते. मोठे वचन देऊन मग ते मागे घेण्यापेक्षा हे कमी कष्टाचे झाले असते.

प्रत्येक तपासणीपुढे ‘तपासणी का केली’ असा एक रकाना पहिल्या दिवसापासून असता, लक्षणे, संपर्क की नेहमीची फेरी, तर आमचे निष्कर्ष कितीतरी भक्कम झाले असते. नंतर आठवणीवरून तो भरला, आणि आठवणीवर भरलेल्या रकान्याचा भरवसा किती धरावा याबद्दल समितीत आजही एकमत नाही. तीच गोष्ट संसर्ग कुठून आला याची. वॉर्डात रुग्णाकडून, घरी नवऱ्याकडून, की मास्क काढून चहा घेताना सहकाऱ्याकडून? काही जणींच्या बाबतीत आधी घरातले आजारी पडले होते. ते वेळेवर लिहिले गेले असते तर चहाच्या खोलीची खिडकी जूनऐवजी एप्रिलमध्येच उघडली गेली असती.

रोजी देण्याच्या निर्णयाबद्दल माझे मत ठाम आहे: तो पहिल्या बैठकीत व्हायला हवा होता. समितीतले काही जण अजूनही तो अपवाद मानतात.

नोंदवही मात्र टिकली. तीच आता रक्तातून पसरणाऱ्या हेपेटायटिस बी च्या लसीसाठी वापरतात. कचऱ्याच्या पिशवीतली उघडी सुई सिस्टरइतकीच सफाईच्या मावशींनाही टोचते, आणि लस न घेतलेल्याला अतिसंसर्गी रुग्णाची सुई टोचली तर लागणीचा धोका तीस टक्क्यांपर्यंत जातो. तीन डोस, सुरुवातीला, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांत अँटीबॉडीची पातळी १० mIU/mL च्या वर आहे का ते पाहायचे. या लसीच्या बाबतीत ती रेषा ठरलेली आहे, त्यामुळे इथे तपासणीला अर्थ आहे. सहा महिन्यांचा डोस सर्वाधिक ठेक्यावरच्या लोकांचाच चुकतो, कारण मध्येच ठेकेदार बदलतो आणि माणूस तोच राहिला तरी हजेरीपट नवा होतो. म्हणून गेल्या करारात एक अट घातली: नव्या ठेकेदाराने पहिल्याच दिवशी आपली सगळी नावे आधार कार्डाप्रमाणे मेट्रनच्या नोंदवहीत चढवायची, त्याशिवाय पहिल्या महिन्याचे बिल निघणार नाही.